वरून चार, खालून एक

माझं लहानपण अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत गेलं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : एकामागून एक सारख्या दिसणाऱ्या इमारती आणि 'टाईप वन', 'टाईप टू', 'टाईप थ्री' अशी क्वार्टर्सची प्रतवारी. ज्याचा जसा पगार, तसा त्याचा टाईप. गंमत अशी की आमच्या टाईपच्या कुठल्याही क्वार्टरमध्ये गेलात तरी स्वयंपाकघर तिथेच, मोरी तिथेच आणि दिव्याचं बटणसुद्धा दाराच्या त्याच बाजूला. एका घरात सांबाराचा वास, दुसऱ्यात मोहरीच्या तेलाचा, आमच्याकडे खोबऱ्याच्या वाटणाचा. पण लाईट गेले तर कुणाच्याही घरात अंधारात पाण्याचा माठ सापडायचा. पाचवीत असताना एकदा खेळून दमलेला मी चुकीच्या इमारतीत शिरलो, सरळ स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो आणि मग वर बघितलं तर भिंतीवरचा देव आपला नव्हता!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गाडी.

गेले दोन महिने आमच्या घरी गाडी घ्यायची चर्चा चालू आहे. मला सेडान हवी होती. बायकोला 'थोडी उंच' हवी होती (हल्ली सगळ्यांनाच हवी असते). आईचं काहीच म्हणणं नव्हतं आणि बाबांचं एकच म्हणणं होतं : "बिघडली तर करणार कोण?" बाबा आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. गाडी कधी घेतली नाही, त्यामुळे या प्रश्नाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. दोन शनिवार आम्ही शोरूम पालथ्या घातल्या, माहितीपत्रकं गोळा केली आणि रविवारी सकाळी चहा घेताना मी सवयीने आकड्यांचा तक्ता मांडायला बसलो. (सॉफ्टवेअरवाल्यांना एक्सेलशिवाय लग्नसुद्धा ठरवता येत नाही.)

तक्त्यात चार गाड्या होत्या. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन, या दोन उंच. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस, या दोन सेडान. लांबी वेगवेगळी : कुशाक ४,२२५ मिलिमीटर, टायगुन ४,२२१, स्लाव्हिया ४,५४१, व्हर्टस ४,५६१. पण 'व्हीलबेस', म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, या रकान्यात आलो आणि थबकलो. २,६५१. २,६५१. २,६५१. २,६५१. मला वाटलं कॉपी-पेस्ट करताना चूक झाली. पुन्हा तपासलं. चूक नव्हती. इंजिनंही तीच दोन : एक लिटरचं तीन सिलिंडरचं ११५ अश्वशक्तीचं, आणि दीड लिटरचं चार सिलिंडरचं १५० चं. आणि 'उंच' गाडी सेडानपेक्षा जमिनीपासून किती उंच? १८८ वजा १७९. नऊ मिलिमीटर! माझ्या करंगळीच्या जाडीएवढा फरक, आणि त्यावर आमच्या घरात दोन महिने वाद!

थोडक्यात काय, तर चारही क्वार्टर्स एकाच टाईपच्या होत्या. फक्त देव वेगळे.

या प्रकाराला गाड्यांच्या धंद्यात प्लॅटफॉर्म म्हणतात. आपल्याला प्लॅटफॉर्म म्हटलं की दादर आठवतं, आणि ते अगदीच चूक नाही : फलाट एकच, त्यावर गाड्या वेगवेगळ्या. गाडीचा प्लॅटफॉर्म म्हणजे तिचा तळाचा पत्रा, इंजिन आणि प्रवासी यांच्या मधली पोलादी भिंत, सस्पेन्शन कुठे जोडायचं त्या जागा, स्टीअरिंगची रचना, इंजिन ज्यावर बसतं ते माउंट आणि हल्ली सगळ्या वायरिंगचा आराखडासुद्धा. गाहकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं ते वरचं : दारं, काचा, दिवे, डॅशबोर्ड. पण पैसा खातो तो खालचा भाग. तो नव्याने आखायचा, त्याच्या टकरीच्या चाचण्या घ्यायच्या, त्याचे साचे बनवायचे, यात वर्षं आणि अफाट पैसे जातात. म्हणून कंपन्या तो एकदाच करतात आणि वरती वेगवेगळी अंगरखी चढवतात.

फोक्सवॅगन समूहाने हा खेळ २०१२ साली पार शास्त्राला नेला. त्यांच्या एमक्यूबी या रचनेत पुढच्या चाकाच्या मध्यापासून पायाखालच्या पेडलपर्यंतचं अंतर ठरलेलं. इंजिन कुठल्या कोनात बसणार तेही ठरलेलं. बाकी व्हीलबेस, रुंदी, पुढचा-मागचा भाग हवा तसा ताणा. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस गोठवायचा आणि आतलं-बाहेरचं मोकळं सोडायचं. याच रचनेतली लहान गाड्यांची शाखा म्हणजे एमक्यूबी ए-झीरो, आणि तिची खास भारतासाठी बेतलेली आवृत्ती ती एमक्यूबी ए-झीरो-आयएन. शेवटचं 'आयएन' म्हणजे आपण. त्यावरच्या या चारही गाड्या पुण्याजवळ चाकणला तयार होतात.

इथवर वाचून वाटेल की ही परदेशी अक्कल आपल्याकडे २०२१ मध्ये आली. मलाही तसंच वाटलं होतं. पण थोडं खणल्यावर लक्षात आलं की ही गोष्ट चाकणला नाही, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला सुरू होते.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, पुढे इटलीच्या फियाटशी जमलं आणि फियाट ११०० आली. तिच्या जुन्या गोलमटोल रूपाला आपल्याकडे लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे. मग १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची ११०० डी आली. तीच पुढे 'डिलाइट', तीच सत्तरच्या दशकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि तीच 'प्रीमियर पद्मिनी'. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. २००० सालच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत गाडी मुळात तीच राहिली.

आता चाकणशी तुलना करा. चाकणला खालून एक आणि वरून चार. कुर्ल्याला खालून एक, वरूनही एकच आणि नावं मात्र चार! प्लॅटफॉर्मचा हा उलटा अवतार का झाला? तर परवाना राज. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, नवे साचे परदेशातून आणायचे तर परकीय चलन नाही, आणि गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं रांगेत उभं. रांग लागलेली असताना दुकानदार दुकानाचा रंग कशाला बदलेल? त्यामुळे इटलीत जी गाडी साठच्या दशकातच मोडीत निघाली, ती आपल्याकडे नव्वदच्या दशकातही नवी म्हणून मिळत होती.

प्रीमियरने दुसरी गाडी आणली ती १९८५ मध्ये, ११८ एनई. बाहेरून फियाट १२४, आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. ही फियाट १२४ म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त मुलंबाळं असलेल्या गाड्यांपैकी एक. १९६६ ची इटालियन गाडी. तिच्यावरून रशियात लाडा झाली, स्पेनमध्ये सिआट झाली, तुर्कस्तानात मुरात झाली. १९६७ मधली युरोपातली 'कार ऑफ द इयर' आपल्या रस्त्यावर आली ती १८ वर्षांनी. पण आली, आणि एकाच सांगाड्याच्या जोरावर चार देशांत चार संसार उभे राहिले, हे त्या काळात कुर्ल्यातसुद्धा घडत होतं.

पुढचा अंक मला स्वतःला जास्त मजेशीर वाटतो, कारण तो मी कॉलेजात असताना डोळ्यांसमोर झाला आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

१९९१ नंतर दारं उघडली. १९९३ मध्ये मोटारींचा परवानाच रद्द झाला. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट स्वतः भागीदार म्हणून आली. आधी उनो आणि मग 'प्रोजेक्ट १७८'. हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पण फियाटने १९९६ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू केलेली ही 'जागतिक गाडी' होती. श्रीमंत देशांसाठी नव्हे, तर खड्डे, धूळ, ऊन आणि मोठी कुटुंबं असलेल्या देशांसाठी आखलेली. एकच प्लॅटफॉर्म, त्यावर हॅचबॅक, सेडान, मागे डिकी वाढवलेली इस्टेट आणि छोटा टेम्पोसुद्धा. ब्राझील, अर्जेंटिना, पोलंड, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका आणि भारत. भारत म्हणजे आपलं कुर्ला.

१९९९ मध्ये सिएना ही सेडान आली. तिचीच इस्टेट 'वीकएंड'. २००१ मध्ये पालिओ, आणि जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर! मग 'पालिओ अॅडव्हेंचर', म्हणजे तीच गाडी पण जरा उंच, बाजूंना काळं प्लास्टिक. आज ज्याला क्रॉसओव्हर म्हणून लाखभर रुपये जास्त घेतात ना, तीच कल्पना, किरोळ रोडच्या बाजूला, वीस-बावीस वर्षांपूर्वी. पुढे २००४ मध्ये सिएनाला नवा चेहरा देऊन 'पेट्रा' केली. एका सांगाड्यावर हॅचबॅक, सेडान, इस्टेट आणि क्रॉसओव्हर. चाकणचं सगळं गणित कुर्ल्याला आधीच मांडून झालं होतं.

मग उत्तर का चुकलं? पालिओ दणकट होती, रस्त्याला चिकटून चालायची, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. सुरुवातीला विकलीही गेली. पण पेट्रोल जास्त पिते अशी ख्याती पसरली, विक्रेत्यांचं जाळं तोकडं होतं आणि सुटे भाग व सर्व्हिस यांबद्दल बाजारात नाव चांगलं नव्हतं. शेवटी जानेवारी २००६ मध्ये फियाटने आपल्या गाड्या टाटांच्या दुकानांतून विकायचा करार केला. कारखान्याचं बस्तान कुर्ल्याहून पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला हललं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. पत्त्यात कुठे कुठे 'प्रीमियर' अजून शिल्लक आहे, तेवढंच.

इथे मला पहिल्यांदा बाबांचा प्रश्न आठवला. बिघडली तर करणार कोण?

पद्मिनी इंजिनीअरिंगच्या दृष्टीने पालिओच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. पण ती बिघडली तर करणारा प्रत्येक नाक्यावर होता. आमच्या अँटॉप हिलला रस्त्याच्या कडेला टॅक्सी जॅकवर चढवलेली असायची आणि खालून दोन काळे पाय बाहेर आलेले असायचे. ऑपेरा हाऊसच्या बाजारात नवा भाग मिळायचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना, आणि कुठेच नाही मिळाला तर लेथवाला बनवून द्यायचा. टॅक्सीवाल्याला गावाहून आलेला भाचा तीन महिन्यांत मेकॅनिक करता यायचा, कारण शिकण्याची गाडी एकच होती. तीस-पस्तीस वर्षं गाडी बदलली नाही याला आपण परवाना राजचा शाप म्हणतो, आणि तो होताच. पण त्या शापातूनच मुंबईभर एक अदृश्य प्लॅटफॉर्म तयार झाला : सुटे भाग, हत्यारं, हात आणि माहिती. पद्मिनीच्या खाली पोलाद साधंच होतं. पण पोलादाखाली अख्खं शहर होतं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं, या नियमाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. कारखाना बंद झाल्यावरही वीसेक वर्षं गाडी धंदा करत राहिली ती कंपनीच्या जिवावर नव्हे. हे सॉफ्टवेअरमध्ये रोज दिसतं. मूळ कंपनी गाशा गुंडाळते, पण वापरणारे आणि दुरुस्त करणारे भरपूर असले तर प्रणाली जगते. नाहीतर कितीही सुंदर कोड लिहा, तो कुठल्यातरी सर्व्हरवर धूळ खात पडतो.

हा माझा भावनिक ग्रह आहे का, हे तपासायला दुसरं उदाहरण घेऊ. टाटांची इंडिका. डिसेंबर १९९८ मध्ये आली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, मग २००१ मध्ये सुधारलेली 'व्ही-टू' आली. पुण्यात बनलेली ही गाडी नाजूक कधीच नव्हती, सफाईदारही नव्हती. पण डिझेलवर चालायची, आत जागा होती आणि पर्यटनवाल्यांनी ती उचलली. साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत तिचा मेकॅनिक तयार झाला. मग त्याच सांगाड्यावर २००२ मध्ये इंडिगो सेडान, २००४ मध्ये मरीना इस्टेट. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनच्या गाड्यांवरची एक्साइज २४ वरून १६ टक्के झाली, तर टाटांनी इंडिगोची शेपटीच कापली आणि २००८ मध्ये ४ मीटरच्या आत बसणारी 'इंडिगो सीएस' काढली! सांगाडा अभियंत्याने आखला, पण त्याची लांबी अर्थमंत्र्याने ठरवली. (ही कातरी अजून चालू आहे. चाकणच्या त्याच कुटुंबातली कायलॅक २०२४ च्या शेवटी आली, तिचा व्हीलबेस २,५६६ आणि लांबी ३,९९५. पाच मिलिमीटर वाचवले!)

म्हणजे बघा : पालिओ आणि इंडिका जवळपास एकाच काळातल्या. दोन्हींवर सेडान आणि इस्टेट निघाल्या. चांगला सांगाडा फियाटचा होता यावर फारसा वाद नाही. पण खाली माणसं होती ती टाटांकडे.

फियाटचं पुढचं नशीब आणखी चमत्कारिक. रांजणगावला २००९ मध्ये लिनिया ही सेडान आणि पुंटो ही हॅचबॅक, एकाच घराण्यातल्या. २०१४ मध्ये पुंटोला उंच करून 'अॅव्हेंचुरा' क्रॉसओव्हर. पुन्हा तेच गणित, पुन्हा तोच निकाल. २०१९ पर्यंत फियाटच्या नावाने भारतात गाडी बनायची थांबली. पण तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन? ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, टाटांच्या व्हिस्टा आणि मान्झामध्ये, शेव्हरोलेच्या सेलमध्ये. लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. गाड्या हरल्या आणि इंजिन जिंकलं, एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम येईपर्यंत. कारण ते इंजिन दुसऱ्यांच्या दुकानांत, दुसऱ्यांच्या मेकॅनिकच्या हाताखाली गेलं. आणि यातला सगळ्यात मोठा विनोद : कुर्ला सोडलेल्या आपल्या प्रीमियरने २००९ मध्ये 'रिओ' नावाची छोटी एसयूव्ही काढली, मूळ रचना जपानच्या दाइहात्सूची, चीनच्या झोट्येमार्फत आलेली. पुढे तिच्यातही हेच फियाटचं मल्टिजेट बसवलं. घटस्फोटानंतर नवरा-बायको पुन्हा एकाच बसथांब्यावर भेटावेत तसं! रिओ फार विकली गेली नाही. असो.

आता चाकणकडे परत येऊ. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ चा. तिथे पोलो, व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड हेही एकाच कुटुंबातले भाऊबंद होते. पण युरोपात आखलेल्या गाडीचे भाग महाग, त्यामुळे दुरुस्ती महाग, त्यामुळे जुनी गाडी विकायला गेलं तर भाव कमी, हे दुष्टचक्र. २०१८ मध्ये समूहाने 'इंडिया २.०' हा एक अब्ज युरोचा कार्यक्रम जाहीर केला, सूत्रं स्कोडाकडे दिली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं आणि एमक्यूबी ए-झीरो इथल्या पुरवठादारांच्या मदतीने पुन्हा आखला गेला. ९५ टक्क्यांपर्यंत भाग भारतातले, असं लक्ष्य. कुशाक जून २०२१, टायगुन सप्टेंबर २०२१, स्लाव्हिया फेब्रुवारी-मार्च २०२२, व्हर्टस जून २०२२. एका वर्षात चार गाड्या! पद्मिनीला एवढ्यात नवा आरसासुद्धा मिळाला नसता.

ते ९५ टक्के वाचून मला वाटलं, अरे, हे तर बाबांच्याच प्रश्नाचं उत्तर देतायत. पोलाद कधीच अडचण नव्हती. अडचण होती पोलादाखालच्या माणसांची, आणि ती पुरवठादारांपासून बांधायला घेतली आहे.

सामायिक सांगाड्याचा एक मोठा फायदा गिऱ्हाईकालाही होतो, तो मान्य करायलाच हवा. ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चाचणीत ऑक्टोबर २०२२ मध्ये कुशाक आणि टायगुनला पाच तारे मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टसलाही पाच. खालची पोलादी पेटी एकदा नीट बांधली की चौघींची मुलंबाळं सुरक्षित. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. डिसेंबर २०२१ मधला तो शनिवार-रविवार आठवतोय? लॉग-फोर-जे नावाच्या एका छोट्याशा लायब्ररीत भोक सापडलं आणि जगभरचे आपल्यासारखे लोक सुट्टी सोडून पॅच लावत बसले. एकाच गोष्टीवर सगळे उभे असले की ती हलल्यावर सगळेच हलतात. गाड्यांमध्ये हे ताकाता कंपनीच्या एअरबॅगने दाखवलं : एकाच पुरवठादाराचा दोष, आणि जगभरच्या डझनभर कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फायदा वाटून घेतला की संकटही वाटून येतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तिसऱ्या शनिवारी शोरूममध्ये गेलो नाही. अँटॉप हिललाच, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडे जाताना एक गॅरेज आहे, तिथे गेलो. तिथले मिस्त्री तीसेक वर्षं पद्मिनी उघडत आलेत. मी विचारलं, या नव्या गाड्या तुमच्याकडे येतात का?

"येतात की," ते म्हणाले. "ब्रेक, क्लच, सस्पेन्शन सगळं करतो. खालून सगळ्या सारख्याच, चारातली एक उघडली की चारही कळतात. पण दिवा लागला ना डॅशबोर्डवर, की मग मशीन लावावं लागतं. काही गोष्टी कंपनीचं मशीन असल्याशिवाय उघडतच नाहीत. पद्मिनीला आम्ही कान लावायचो. हिला कान लावून काय ऐकू येणार?"

मी गप्प बसलो. कारण ते कुलूप लावणारे लोक म्हणजे आम्हीच. मी ज्या धंद्यात आहे तोच धंदा आता गाडीचा खरा प्लॅटफॉर्म झालाय. पोलादाचा सांगाडा चाकणला खुला झाला, भाग स्वस्त झाले, पण त्यावर सॉफ्टवेअरचा आणखी एक थर चढला आणि त्याची किल्ली नाक्यावरच्या माणसाकडे नाही. युरोपात आणि अमेरिकेत 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने यावर कायदे झालेत, भांडणं चालू आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने यावर समिती नेमली, त्यात मोटारीही धरल्या होत्या. कुर्ल्याने आपल्याला शिकवलेला धडा या नव्या थरालाही लागू आहे, एवढं मला कळतं : ज्या प्लॅटफॉर्मवर दुसऱ्याला उभं राहता येत नाही, तो कितीही चांगला असला तरी एक दिवस ओस पडतो.

घरी आलो तर निर्णय झालेला होता. तो ना मी घेतला ना बायकोने. आईने घेतला. शेजाऱ्यांच्या सेडानमध्ये बसून ती मंदिरात गेली होती आणि उतरताना तिला दोघांनी धरून उठवावं लागलं होतं. गुडघे. उंच गाडीत सीट उंच असते, त्यामुळे वाकावं लागत नाही, नुसतं सरकून बसायचं. जमिनीपासूनचा नऊ मिलिमीटरचा फरक मी हसण्यावारी नेला होता. बसायच्या जागेची उंची हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच! वरचं अंगरखंही काही अगदीच फसवं नसतं, हे मान्य करून मी एक्सेल बंद केलं.

बाबांनी मात्र होकार लगेच दिला नाही. त्यांनी जुन्या सरकारी डायरीतलं एक पान फाडून यादी करून दिली : पुढचा बंपर, हेडलाइट, क्लच, आरसा, आणि पाचवं 'ते मशीन लावायचे किती घेतात'. "गाडीची किंमत नको सांगू," म्हणाले, "ती एकदाच द्यायची असते. याचे भाव घेऊन ये."

उद्या रविवार आहे. सर्व्हिस सेंटर बंद. सोमवारी हाफ-डे टाकलाय.